युद्ध आणि कैदेची पुस्तकं कशी वाचायची: प्रेरणा नको, चमचा शोधा

माझी चूक आधीच सांगून टाकते म्हणजे तुमचा वेळ वाचेल. मी ही पुस्तकं वाचायला घेतली ती प्रेरणेसाठी, की बघा माणसं काय काय सोसून उभी राहिली आणि आपण किरकोळ गोष्टींवरून कुरकुरत बसतो वगैरे, आणि त्या भरात सलग पाच पुस्तकं संपवली, सुविचारासारखी दिसणारी सगळी वाक्यं पेन्सिलने अधोरेखित केली, आणि वर्षभराने वही उघडली तर लक्षात आलं की त्यातल्या एकाही माणसाने त्या दिवशी काय खाल्लं होतं ते मला आठवत नाहीये. आणि खाणं हाच तर त्या पुस्तकांचा निम्मा विषय होता! मग सगळं परत पहिल्यापासून वाचलं, वेगळ्या पद्धतीने, तीच पद्धत खाली पायरी पायरीने लिहितेय. तीन-चार महिने धरा, चार पुस्तकं, थोड्या कविता, थोडी पत्रं. याच्यापेक्षा जास्त पहिल्या खेपेला घेऊ नका.

१. आधी ठरवा: युद्ध की कैद?

आपण हे दोन्ही एकाच कप्प्यात टाकतो पण वाचताना दोन्हीची चव अगदी वेगळी लागते. युद्धाच्या पुस्तकात आवाज असतो, धावपळ असते, शेजारी कोणीतरी असतं आणि पुढच्या पानावर ते नसतं. कैदेच्या पुस्तकात वेळ असतो. नुसता वेळ, आणि तो घालवायचा कसा याचं एक अख्खं शास्त्र. सैनिकाला पुढची दहा मिनिटं काढायची असतात, कैद्याला दहा वर्षं, आणि दहा वर्षं काढायची म्हणजे प्रत्यक्षात आजची संध्याकाळ काढायची.

बऱ्याच लेखकांनी दोन्ही भोगलंय हेही खरं. डॉन किहोते लिहिणारा सर्व्हांतेस आधी लढाईत जखमी झाला आणि मग १५७५ ते १५८० अशी पाच वर्षं अल्जीअर्समध्ये कैदेत होता, पळून जायचे चार प्रयत्न फसले, आणि त्यातलं बरंचसं त्याने पुढे त्या कादंबरीत एका कैद्याच्या गोष्टीत घातलं. तरी सुरुवातीला एकच बाजू धरा. आणि प्रश्न लहान ठेवा. 'युद्ध माणसाचं काय करतं' असला प्रश्न घेऊन बसलात तर उत्तरही तसलंच पोकळ मिळतं. त्यापेक्षा 'भूक', 'बूट', 'पत्र', 'घरी परत येणं' यापैकी एक शब्द वहीच्या पहिल्या पानावर लिहा आणि त्याचा माग काढा.

मी इथून पुढे कैदेकडे जास्त झुकणार आहे कारण माझं वाचन तिकडे जास्त आहे.

२. पहिलं पुस्तक पातळ घ्या आणि वस्तूंची यादी करा

माझ्या मते सुरुवातीला स्वतः कैद भोगलेल्या रशियन लेखक सोल्झेनित्सिनचं 'वन डे इन द लाइफ ऑफ इव्हान डेनिसोविच' घ्यावं. नोव्हेंबर १९६२ मध्ये 'नोव्ही मीर' या रशियन मासिकात छापून आलं. पातळ आहे, एका दिवसाची गोष्ट आहे, पहाटे उठवायला रुळावर पडणाऱ्या हातोड्यापासून रात्री झोपेपर्यंत, आणि त्यात काहीही 'घडत' नाही. कोणी पळून जात नाही, कोणी भाषण ठोकत नाही. नायक शुखोव्ह हा साधा शेतकरी, युद्धात जर्मनांच्या हाती सापडला, दोन-तीन दिवसांत निसटून आपल्या लोकांकडे परत आला, तर त्यांनी त्यालाच हेर ठरवून सोव्हिएत श्रमछावणीत, म्हणजे कॅम्पमध्ये, दहा वर्षं ठोकली. म्हणजे आधी शत्रूचा कैदी आणि मग घरच्यांचा कैदी.

वाचताना गोष्ट काय पुढे चाललीये याकडे लक्ष देऊ नका, वस्तू टिपा. खरंच यादी करा, पान नंबर टाकून. माझ्या वहीत पहिल्या वाचनात काय काय आलं ते सांगते:

चमचा, ॲल्युमिनियमचा, त्याने स्वतः ओतून केलेला, बुटात खोचलेला, कुठेही जाताना सोबत. पाव, साडेपाचशे ग्रॅमचा म्हणून दिलेला, पण वीसेक ग्रॅम कमी असावा हे तो हातावरच ओळखतो, अर्धा खातो आणि अर्धा गादीत घालून वरून टाके मारतो. सूप, त्यातल्या माशाचे डोळे, जे माशाला चिकटलेले असतील तर तो खातो पण सुटून सूपात तरंगत असतील तर खात नाही. टोपी, जी कितीही थंडी असली तरी जेवायला बसताना काढायचीच. थर्मामीटर, जो उणे ४१ पर्यंत उतरला तरच कामाला सुट्टी. करवतीच्या पात्याचा तुकडा, कामाच्या जागी सापडलेला, झडतीतून लपवून आणलेला, कारण घासून त्याची छोटी सुरी होईल.

आता ही यादी परत वाचा. माशाचा तरंगणारा डोळा न खाणं आणि टोपी काढणं या दोन गोष्टींत त्या माणसाची सगळी इज्जत आहे, आणि लेखकाने 'इज्जत' हा शब्द कुठे वापरला नाही. सुविचार अधोरेखित करत बसले होते तेव्हा हे मला दिसलंच नव्हतं.

दुसरं काम, शेवटचं पान दोनदा वाचा. दिवस संपताना शुखोव्ह खूश असतो, जवळजवळ सुखाचाच दिवस गेला असं त्याला वाटतं. मग लेखक हिशोब मांडतो की शिक्षेत असे ३६५३ दिवस होते, वरचे तीन लीप वर्षांमुळे. बस, एवढंच. तीन जादा दिवस.

३. तीन तारखा काढल्याशिवाय पुढचं पुस्तक उघडू नका

ही पायरी बहुतेक लोक गाळतात आणि मला विचाराल तर हीच सगळ्यात महत्त्वाची. प्रत्येक पुस्तकाच्या तीन तारखा लिहायच्या: घडलं कधी, लिहिलं कधी, छापलं कधी. आणि चौथा कॉलम, मध्ये कोणाकोणाचा हात लागला.

ॲन फ्रँकची डायरी घ्या. सगळ्यांना वाटतं एका मुलीने गुपचूप लिहिलेली आणि जशीच्या तशी सापडलेली वही. तिने १२ जून १९४२ ला सुरुवात केली हे खरं, पण २८ मार्च १९४४ ला लंडनहून डच रेडिओवर एका मंत्र्याने सांगितलं की युद्धानंतर लोकांच्या डायऱ्या, पत्रं गोळा केली जातील, आणि हे ऐकल्यावर तिने स्वतःचीच डायरी सुट्या कागदांवर नव्याने लिहायला घेतली, काही काढलं, काही वाढवलं, लोकांची नावं बदलली. शेवटची नोंद १ ऑगस्टची, अटक ४ ऑगस्टला. १९४७ मध्ये छापलं गेलं ते वडिलांनी दोन्ही लेखनांतून निवडून जुळवलेलं. म्हणजे आपण जी वाचतो ती नुसती 'निरागस मुलगी' नाही, ती स्वतःचं लिखाण एडिट करणारी पंधरा वर्षांची लेखिका आहे. हे कळल्यावर माझा तिच्याबद्दलचा आदर दुप्पट झाला. निरागस म्हणून कौतुक करणं तिच्यावर थोडा अन्यायच आहे.

प्रिमो लेवी, इटलीतला केमिस्ट, फेब्रुवारी १९४४ मध्ये ऑशविट्झच्या नाझी छळछावणीत नेला गेला, त्याच्या गाडीत ६५० माणसं होती. १९४५ मध्ये सुटला, लगेच लिहून काढलं, मोठ्या प्रकाशकाने परत पाठवलं, १९४७ मध्ये एका छोट्या प्रकाशकाने २५०० प्रती काढल्या. त्याच मोठ्या प्रकाशकाने ते घेतलं १९५८ मध्ये. मधली अकरा वर्षं लोकांना ऐकायचंच नव्हतं. ही वर्षं नुसती पाठ करण्यासाठी नाहीत, आपलं कोणी ऐकूनच घेणार नाही ही भीती त्याच्या लेखनात पुढेही येत राहिली. ऑशविट्झमधूनच वाचलेल्या एली विझेलच्या 'नाइट'चंही तसंच, १९५६ ची यिडिश आवृत्ती बरीच जाड आणि बरीच रागावलेली, १९५८ ची फ्रेंच बारीक आणि शांत, आणि जग ओळखतं ते फ्रेंचवरून.

चौथ्या कॉलमसाठी सगळ्यात चांगलं उदाहरण म्हणजे ज्युलियस फुचिक. चेक पत्रकार, नाझींनी पकडल्यावर प्रागच्या तुरुंगात चिठोऱ्यांवर लिहायचा, एक पहारेकरी ते कागद बाहेर न्यायचा, १९४३ मध्ये बर्लिनला त्याला फाशी झाली, १९४५ मध्ये पुस्तक आलं आणि जगभर गाजलं. पण पूर्ण आवृत्ती यायला १९९५ उजाडलं! मधल्या पन्नास वर्षांत वगळलेले भाग कोणते, तर चौकशीत आपण बोलायला लागलो आणि बोलता बोलता पोलिसांना चकवायचा खेळ केला, हे त्याने स्वतः लिहिलेलं होतं ते. हुतात्मा बोललेला कसा चालेल? म्हणून कात्री. खरं तर त्या ओळींमुळेच तो पुतळ्याचा परत माणूस होतो.

लिहिलं कशावर, हाही याच कॉलमात टाका. मंडालेला टिळकांनी गीतारहस्य पेन्सिलने लिहिलं. सावरकरांना अंदमानात कागद नव्हता म्हणून ओळी भिंतीवर खरवडून पाठ करायच्या. लेनिनग्राडमध्ये अन्ना अखमातोव्हा मोकळी होती, मुलगा आत होता, तिने सतरा महिने तुरुंगाबाहेरच्या रांगेत काढले आणि 'रेक्विएम' लिहिताना पद्धत अशी की कागदावर लिहायचं, मैत्रिणीने वाचून पाठ करायचं आणि कागद ॲशट्रेत जाळायचा. म्हणून त्या कवितेचे तुकडे छोटे आहेत, पाठ होतील असे. हे माहीत असलं की कविता वेगळी वाचली जाते. अलीकडचं बघायचं तर बेहरूझ बुचानी या निर्वासिताने ऑस्ट्रेलियाने चालवलेल्या मानुस बेटावरच्या कॅम्पमधून अख्खं पुस्तक फोनवर मेसेज करून करून बाहेर पाठवलं.

(आणि हो, तुरुंगात लिहिलेलं सगळंच तुरुंगाबद्दल नसतं. साने गुरुजींनी 'श्यामची आई' नाशिकच्या तुरुंगात लिहिली, १९३३ मध्ये. आता पुढच्या वेळी ती वाचाल तेव्हा हे डोक्यात ठेवून बघा, आई इतकी का आठवतेय.)

४. खरं किती, रचलेलं किती

कादंबरी आहे म्हणजे खोटं आणि आठवणी आहेत म्हणजे खरं, असं सरळ नसतं. कर्ट व्हॉनेगट स्वतः डिसेंबर १९४४ मध्ये जर्मनांच्या हाती सापडला, फेब्रुवारी १९४५ मध्ये ड्रेस्डेनवर बॉम्ब पडले तेव्हा तो युद्धकैदी म्हणून तिथे कत्तलखान्याच्या तळघरात होता. म्हणजे याहून पक्का साक्षीदार कोण? तरी त्याच्या 'स्लॉटरहाउस-फाइव्ह'मध्ये मृतांचा आकडा १,३५,००० आहे, जो त्याने त्या काळच्या एका पुस्तकातून उचलला, आणि इतिहासकारांच्या समितीने नंतर सगळे कागद तपासून सांगितलं की जास्तीत जास्त २५,०००. आता यावरून कादंबरी फेकून द्यायची का? अजिबात नाही. साक्षीदाराकडून आकडा घ्यायचा नाही, तळघरातून वर आल्यावर त्याला काय दिसलं ते घ्यायचं. आकड्यांसाठी इतिहासाची पुस्तकं आहेत, ती बाजूला उघडून ठेवा.

उलटही होतं. रिमार्कचं 'ऑल क्वाएट ऑन द वेस्टर्न फ्रंट' वाचून वाटतं माणूस चार वर्षं खंदकात होता, प्रत्यक्षात तो आघाडीवर काही आठवडेच होता, १९१७ मध्ये, मग जखमी होऊन दवाखान्यात, आणि तिथे इतर जखमींच्या गोष्टी त्याने ऐकल्या. म्हणून पुस्तक खोटं ठरत नाही, पण ते एकाचं नसून अनेकांचं आहे हे कळतं.

यासाठी सोपी सवय: प्रत्येक महत्त्वाच्या प्रसंगाशेजारी एक खूण करा, पाहिलेलं, ऐकलेलं की रचलेलं. कळत नसेल तर प्रश्नचिन्ह. निम्म्या ठिकाणी प्रश्नचिन्हच येईल, येऊ दे.

५. जे लिहिलेलं नाही ते वाचणं

पत्रांनी सुरुवात करा कारण तिथे हे लगेच दिसतं. पहिल्या महायुद्धात हिंदी शिपाई फ्रान्समध्ये लढत होते, त्यांची पत्रं सेन्सॉरच्या ऑफिसात उघडली जायची, भाषांतर व्हायचं, उतारे काढले जायचे आणि आज आपल्या हातात बरीचशी येतात ती ह्या इंग्रजी उताऱ्यांतूनच. त्यात बऱ्याच जणांना लिहिता येत नसल्याने पत्र दुसऱ्याकडून लिहून घेतलेलं आणि घरी कोणीतरी वाचून दाखवणार. म्हणजे बायकोला काय सांगायचंय ते चार परक्या माणसांसमोर सांगायचं. मग लोक मिरीबद्दल लिहायला लागले! काळी मिरी संपत आलीये, लाल मिरची मात्र जपून वापरतात, असं. काळी म्हणजे आपले शिपाई, लाल म्हणजे गोरे. हे आपल्याला नवीन नाही खरं तर, पानिपतच्या पराभवाची बातमी म्हणून सांगितलं जाणारं सावकारी पत्र आठवा, दोन मोती गळाले, सत्तावीस मोहरा हरवल्या, खुर्दा किती गेला गणती नाही. मोती म्हणजे भाऊ आणि विश्वासराव, आणि खुर्द्यात गेलेली हजारो माणसं. त्या पत्रात जितकं गुपित आहे तितकीच उतरंडही आहे, कोण मोती आणि कोण खुर्दा, ते पण वाचायचं.

युद्धकैद्यांच्या पत्रांत जागेचीही मर्यादा असते. १९४९ च्या जिनिव्हा कराराप्रमाणे पत्रांवर मर्यादा घालावीच लागली तरी महिन्याला किमान दोन पत्रं आणि चार कार्डं पाठवू द्यायलाच हवीत. कार्डावर मावेल एवढंच आयुष्य लिहायचं म्हटल्यावर 'मी बरा आहे' या तीन शब्दांवर किती भार पडत असेल.

काही पुस्तकांत तर न लिहिलेलं डोळ्यांनीच दिसतं. ग्वांटानामोच्या अमेरिकी लष्करी तुरुंगात चौदा वर्षं काढलेल्या मोहमदू औल्द स्लाहीची डायरी २०१५ मध्ये आली ती अडीच हजारांहून जास्त काळ्या पट्ट्यांसकट. काय काय झाकलं होतं? बायका चौकशी करायच्या हे कळू नये म्हणून 'ती', 'तिला' असली सर्वनामं, आणि एका ठिकाणी जिथे तो रडला असावा तिथला 'अश्रू' हा शब्द, असा संपादकाचा अंदाज. २०१७ मध्ये त्याच्या मदतीने झाकलेलं परत भरून नवी आवृत्ती निघाली, पण मी म्हणेन आधी पट्ट्यांची वाचा. वाचताना पट्टी आली की भुर्रकन पुढे जाऊ नका, क्षणभर थांबून तिथे काय असेल ते ठरवा आणि पेन्सिलने लिहा.

आणि तिसऱ्या प्रकारची शांतता, लाजेची. १९४५ च्या वसंतात बर्लिनमधल्या एका बाईने २० एप्रिल ते २२ जूनपर्यंतची रोजची डायरी ठेवली, रशियन सैन्य शहरात शिरलं तेव्हाची, बलात्कारांसकट, कोरड्या आणि कधी कधी चक्क विनोदी भाषेत. १९५९ मध्ये जर्मन भाषेत छापलं गेलं तेव्हा तिच्यावर एवढी चिखलफेक झाली की पुन्हा हयातीत छापू नका म्हणाली, आणि ते परत आलं २००३ मध्ये, ती गेल्यावर, तिच्या इच्छेप्रमाणे निनावी. (नंतर तिचं नाव शोधून छापलंच पेपरवाल्यांनी. मी इथे लिहिणार नाही, तुम्हीही शोधत बसू नका.) स्वेतलाना अलेक्सिएविचने सोव्हिएत सैन्यातल्या बायकांना भेटून जे पुस्तक केलं, १९८५ चं, त्यात एका बाईंच्या नवऱ्याने आदल्या रात्री त्यांच्याकडून युद्धाच्या इतिहासाची उजळणी करून घेतलेली असते, म्हणजे मुलाखतीत चुकायला नको! आणि त्या बायकांना खरं आठवत होतं काय, तर कापलेल्या वेण्या, पायाला मोठे होणारे बूट आणि वर्षानुवर्षं घालावी लागलेली पुरुषांची अंतर्वस्त्रं.

६. एकमेकांशी भांडणारी पुस्तकं जोडीने वाचा

एकच पुस्तक वाचलं की आपण त्याच्या मताचे होतो, हा मोठा धोका. नाझी कॅम्पमधून वाचलेला मानसोपचारतज्ज्ञ फ्रँकल, त्याचं पुस्तक वाचून माणूस म्हणतो, हां, आयुष्याला अर्थ असला की सगळं सोसता येतं. मग तेवढंच वाक्य स्टेटसला. त्याच पुस्तकात अगदी सुरुवातीला तो म्हणतो की आमच्यातले जे सगळ्यात चांगले होते ते परत आले नाहीत. ते वाक्य मी कोणाच्या स्टेटसला अजून पाहिलं नाही.

म्हणून शुखोव्हनंतर लगेच वार्लाम शालामोव्हच्या कोलिमाच्या, म्हणजे अतिथंड ईशान्य रशियातल्या कॅम्पच्या, कथा घ्या. हा माणूस सोल्झेनित्सिनपेक्षा कितीतरी जास्त वर्षं आणि कितीतरी वाईट ठिकाणी होता, आणि त्याचं म्हणणं स्वच्छ होतं की कॅम्प पहिल्या दिवसापासून शेवटच्या दिवसापर्यंत माणसाला काहीही चांगलं शिकवत नाही. शुखोव्ह भिंत बांधताना कामात रंगून जातो ना, शालामोव्हच्या जगात कामात रंगणारा माणूस लवकर मरतो. त्याने सोल्झेनित्सिनला पत्रात तारीफ तर केली, पण एक खोच मारलीच: तुमच्या कॅम्पमध्ये मांजर फिरतंय, खऱ्या कॅम्पमध्ये ते केव्हाच खाल्लं गेलं असतं. एका मांजरावरून दोन कॅम्पमधला सगळा फरक. मी त्यानंतर शुखोव्हचं पुस्तक परत उघडलं ते मांजर शोधायला, पहिल्या वेळी मला ते दिसलंही नव्हतं.

दुसरी जोडी, लेवी आणि बोरोव्स्की. लेवीने शेवटच्या पुस्तकात, १९८६ च्या, 'करडा पट्टा' असा विचार मांडला, म्हणजे छळणारे आणि छळले जाणारे यांच्या मधली ती सगळी माणसं, जी जास्तीच्या सूपासाठी मुकादम झाली, कारकून झाली, आणि ज्यांचा निवाडा करायची घाई तो करत नाही. पोलंडचा तादेउश बोरोव्स्की, हाही ऑशविट्झचा कैदी, तोच पट्टा आतून दाखवतो. त्याचा निवेदक नव्याने आलेल्या गाड्या रिकाम्या करायच्या कामावर जातो कारण तिथे खायला मिळतं, आणि त्या निवेदकाचं नाव त्याने ठेवलं तादेक, म्हणजे स्वतःच्याच नावाचं लाडकं रूप. इतर कोणाकडे बोट दाखवायची सोयच ठेवली नाही. या कथा दिवसाला एकच वाचा, मी गंमत करत नाहीये.

इथे वहीत एक नियम पाळते: 'मी असते तर' ने सुरू होणारं वाक्य लिहायचं नाही. खूप खाज येते, पण नाही.

७. सुटकेच्या पुढचं पान

सिनेमा सुटकेला संपतो, चांगलं पुस्तक तिथे सुरू होतं. लेवीचं दुसरं पुस्तक अख्खं घरी पोचण्यावरच आहे, जानेवारीत सुटलेला माणूस अर्धा युरोप उलटसुलट फिरून ऑक्टोबरमध्ये घरी. जानेवारी १९४३ मध्ये फ्रान्सहून ऑशविट्झला २३० बायका नेल्या, ४९ परतल्या, त्यांतली एक शार्लोट देल्बो, तिने परतलेल्या मैत्रिणींच्या नंतरच्या आयुष्याला एक अख्खा भाग दिलाय.

पण एकच निवडायचं तर हंगेरीच्या इम्रे कर्तेसचं 'फेटलेसनेस', १९७५ चं. कोवळा पोरगा कॅम्पमधून बुडापेस्टला परत येतो. ट्राममध्ये एक पत्रकार त्याला विचारतो, नरक होता ना तो? पोरगा म्हणतो, नरक मला माहीत नाही, कॅम्प माहीत आहे. आणि हा मुलगा प्रत्येक गोष्टीला 'साहजिकच' म्हणतो, साहजिकच मार खाल्ला, साहजिकच उपाशी होतो, पत्रकार वैतागतो की ज्यात काहीच साहजिक नाही त्याला साहजिक का म्हणतोस, तर तो म्हणतो, कॅम्पमध्ये ते साहजिकच असतं. वाचताना तो शब्द येईल तिथे तिथे खूण करत जा, पुस्तकाचं यंत्र त्या एका शब्दावर चालतं. लेवीही असंच काहीतरी सांगतो, की भूक, थकवा, थंडी हे मोकळ्या माणसांनी केलेले शब्द आहेत, आत त्यांचा अर्थ वेगळा. म्हणून तुमच्या नोट्समधून 'नरकयातना', 'अमानुष', 'शब्दांपलीकडचं' हे शब्द काढून टाका आणि त्या जागी काय घडलं ते लिहा. बघा किती ओळी रिकाम्या पडतात.

८. वेग, झोप आणि ग्रुप

पटकन सांगते. रात्री झोपण्यापूर्वी वाचू नका. दोन जड पुस्तकांमध्ये दहा-बारा दिवस दुसरं काहीतरी वाचा, विनोदी असलं तरी चालेल, त्यात अपराधी वाटून घ्यायचं नाही. पुस्तक अर्धं सोडावंसं वाटलं तर सोडा, खूण ठेवा. कविता मोठ्याने वाचा. विल्फ्रेड ओवेनची विषारी वायूच्या हल्ल्यावरची कविता मनात वाचली तर यमकं दिसतात, मोठ्याने वाचली तर दम लागतो. (तो युद्ध थांबायच्या बरोब्बर एक आठवडा आधी मारला गेला, ४ नोव्हेंबर १९१८.)

ग्रुपमध्ये वाचणार असाल तर चार-सहा जण पुरे, एका बैठकीला एकच प्रकरण, आणि कोणाचं दुःख मोठं ही तुलना सुरू झाली की चहाची सुट्टी जाहीर करायची. ग्रुपमध्ये कोणी स्वतः युद्ध किंवा तुरुंग पाहिलेलं असेल तर त्यांच्याकडे सगळ्यांनी मान वळवून बघायचं नाही, त्यांना बोलायचं तेव्हा ते बोलतील. घरातल्या कोणा म्हाताऱ्या माणसाला विचारायचं झालं तरी 'कसं वाटलं होतं' असं विचारू नका, त्याला उत्तर नसतं. पायात काय होतं, रात्री झोपायचात कुठे, घरून पत्र आलं तर कोण वाचायचं, असं विचारा. एकदा मी असंच बुटांबद्दल विचारलं आणि दीड तास फक्त बुटांबद्दल ऐकलं, मोजे नसायचे म्हणून पायाला गुंडाळायच्या फडक्यांबद्दल, ती कशी वाळवायची त्याबद्दल, आणि मला वाटलं विषय राहिलाच की, घरी येऊन लिहायला बसले तेव्हा कळलं विषय तोच होता.

९. वही आडवी वाचा

चार पुस्तकं झाली की पुस्तकवार नोट्स बाजूला ठेवा आणि वस्तूवार पानं करा. एक पान बूट, एक पाव, एक पत्र, एक रांग. वेगवेगळ्या देशातली, वेगवेगळ्या भाषेतली माणसं एका पानावर येतात आणि तिथे जे दिसतं ते कोणत्याच एका पुस्तकात नसतं.

माझं चमच्याचं पान असं झालं. वर शुखोव्हचा चमचा, स्वतः ओतलेला, त्यावर त्याने आधीच्या कॅम्पचं नाव आणि १९४४ हे साल कोरलेलं. खाली लेवी. ऑशविट्झमध्ये नव्या कैद्याला चमचा देत नसत, सूप कुत्र्यासारखं जिभेने चाटायचं नाहीतर अर्धा पाव देऊन चमचा विकत घ्यायचा. आणि त्याच्या खाली मी सगळ्यात शेवटी, म्हणजे त्याचं शेवटचं पुस्तक वाचताना लिहिलेली ओळ: सुटका झाल्यावर कॅम्पच्या गोदामात हजारो कोरे प्लॅस्टिकचे चमचे सापडले, आणि शिवाय आलेल्या लोकांच्या सामानातून काढून घेतलेले ॲल्युमिनियमचे, स्टीलचे, चांदीचेसुद्धा, हजारोंनी.